कंडक्टरकाकांच्या वाटचं 'हो'

कंडक्टरकाकांचा आवाज सौंसरच्या बसस्टँडवर उठला, की फलाटावर पसरलेली कुत्रीसुद्धा बाजूला होत. "चला, पांढुर्णा, पांढुर्णा!" तोच आवाज घेऊन ते ईस्टरच्या सकाळी मिस्साच्या प्रार्थनेला येत. आमची कॅथलिक घरं मोजकी, प्रार्थना एका खोलीत. फादर हिंदीत विचारत, "क्या आप देह के पुनरुत्थान में विश्वास करते हैं?" आम्ही पुटपुटत असू, "हाँ, करते हैं." काका मराठीत गरजत, "हो, मानतो!" फादरांना हसू आवरत नसे.

एकदा शेजारच्या पानठेल्यावाल्यानं त्यांना हाक मारली, "काका, हॅपी गुड फ्रायडे!"

"अबे, मयतीत कोणी हॅपी म्हणते का? परवा ये. परवा मेलेला उठून येते."

ईस्टर म्हणजे काय, हे ते एवढ्यातच सांगत. कधी पुढे म्हणत, "तो एकटा नाई उठला. आपल्यालेबी उठवासाठी उठला. हे मानलं तं ईस्टर, नाई तं नुसता केक हाय."

मला ते मानता येत नव्हतं. वडिलांना पुरलं तेव्हापासूनच. आईला वाईट वाटू नये म्हणून मी ओठ हलवत असे आणि घरी गेल्यावर मला स्वतःची लाज वाटत असे.

मग काकांची एकुलती लेक तापानं गेली. ईस्टरआधीच्या उपवासकाळातच तिला माती दिली. त्या ईस्टरला फादरांनी प्रश्न विचारला आणि खोलीत काकांचा आवाज आला नाही. ते माझ्या कानाशी वाकले. "माह्या तोंडातून निघून नाई राहिलं. माह्या वाटचं तू म्हण."

मी म्हटलं. मोठ्यानं, मराठीत. पुढची कित्येक वर्षं दर ईस्टरला मीच म्हणत राहिलो. ते बाजूला मान खाली घालून उभे असत.

यंदा उपवासकाळात ते अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो, तर काकूंना चहा टाकायला पाठवून त्यांनी विचारलं, "तू मानून म्हणत होता का रे? खरं सांग."

मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलायचं धैर्य मला झालं नाही. "नाई, काका. तुमच्यासाठी म्हटलं."

मला वाटलं, त्यांचा शेवटचा आधार मी काढून घेतला. "मंग तं तुले लय जड गेलं असंन, लेका," ते म्हणाले, आणि माझा हात थोपटला. चार दिवसांनी गेले.

ईस्टरला काकू माझ्याशेजारी उभ्या होत्या. फादरांनी विचारलं. कोणी मला सांगितलं नव्हतं, तरी मी ओरडलो, "हो, मानतो!" लोकांनी वळून पाहिलं. मी मानतो का, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. पण एवढ्या मोठ्यानं मी ओरडलो, ते काकांना ऐकू जावं म्हणून.