झेंड्याखालचा जवळा

लष्करी डावपेच मी टीव्हीसमोर बसून, चहात खारी बुडवता बुडवता शिकलो. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष कुठल्याही सैन्याकडे जात नाही.

त्या आठवड्यात एकच चित्रफीत फिरत होती. दूरच्या कुठल्यातरी युद्धात दोन सैनिक एका उद्ध्वस्त गावातल्या सरकारी इमारतीच्या गच्चीवर चढतात आणि आपल्या देशाचा झेंडा बांधतात. खाली रस्त्यावर माणूस नाही, खिडक्यांना काचा नाहीत. झेंडा मात्र कोरा, घडीच्या रेषा दिसणारा. म्हणजे पाठपिशवीत पाण्याच्या बाटलीशेजारी कुणीतरी तो जपून आणला होता. दोघांची तोंडं कॅमेऱ्याकडे, गावाकडे पाठ. मी ती फीत इतक्यांदा पाहिली की बायको म्हणाली, "आता तुम्हीच जाऊन सोडवून या ती गाठ."

मला काही चैन पडेना. गाव पाडलं तोफांनी, पण ते ‘आपलं झालं’ असं सांगितलं कापडाने. हे मला भयंकर हुशारीचं वाटलं. आणि हुशारीच्या वाटलेल्या गोष्टी करून बघायची मला वाईट खोड आहे.

आमची सोसायटी नवीन पनवेल संपून सुकापूर सुरू होतं तिथली. कुंपणाच्या भिंतीपलीकडे एक मोकळा तुकडा आहे. मूळ गावातली एक मावशी तिथे ताडपत्रीवर जवळा वाळत घालायची. त्या सुक्या मासळीवर तिचं घर चालायचं आणि मासळीच्या वासावर आमच्या मीटिंगा. कमिटीला तिथे पार्किंग हवं होतं. जागा नक्की कुणाची, याबद्दल गाव, सोसायटी आणि सरकारी खातं यांच्याकडे तीन वेगळी उत्तरं होती.

मीटिंगमध्ये मी म्हणालो, "सव्वीस जानेवारीला झेंडा तिथे लावू. मग हलवायला कोण पुढे येईल?"

चेअरमननी टेबलावर थाप मारली. "तुमच्या डोक्यात कधीतरी काहीतरी येतं, हे आज कळलं."

खड्डा खणला, सिमेंट ओतलं, पाइप उभा केला. सकाळी झेंडा वर गेला. राष्ट्रगीत सुरू व्हायच्या बेतात असताना मावशी टोपली घेऊन आली. मी मनात मोर्चेबांधणी केली: ती भांडेल, आम्ही झेंड्याकडे बोट दाखवू. तिने टोपली खाली ठेवली, चपला काढल्या, हात जोडले आणि आमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने राष्ट्रगीत म्हटलं. आमचे खजिनदार दुसऱ्याच ओळीनंतर नुसते ओठ हलवत होते.

मग ती टोपली उचलून परत निघाली. मी विचारलं, "मावशी, आज वाळवण नाही?"

"झेंड्याच्या पायाशी मावरा कसा पसरू, भाऊ? बरा दिसतो काय?"

आमचा विजय तो असा. ज्या आदराच्या भरवशावर मी डाव टाकला होता, तो आदर त्या मैदानात फक्त तिच्याकडे निघाला.

पुढचे दिवस मी गॅलरीत येरझारा घातल्या. मावशी घराच्या पत्र्यावर मूठ मूठ जवळा पसरायची; अर्धा कावळे न्यायचे. वास येत नव्हता, आणि तो येत नाही म्हणून मी सारखा नाक वर करून हुंगत होतो. बायको म्हणाली, "डॉक्टरला दाखवा." टीव्हीवर त्याच गच्चीवर आता दुसऱ्या बाजूचा झेंडा होता. तोही कोराच. तो बांधणारे दोघेही कॅमेऱ्याकडेच बघत होते. मी टीव्ही बंद केला, खाली उतरलो आणि कमिटीला न विचारता झेंडा उतरवला. घडी चौकोनी काही येईना. शेवटी बायकोने घालून दिली.

मोठ्या ऐटीत मावशीच्या दारात गेलो. "घ्या, तुमची जागा मोकळी."

तिने माझ्या खांद्यावरून बोट दाखवलं. मागे वळलो तर चेअरमनसाहेब मोटार रिव्हर्स घेत नेमके त्या तुकड्याच्या मधोमध, रिकाम्या पाइपाशेजारी, लावत होते. झेंड्याखाली गाडी लावायचा धीर त्यांनाही झाला नव्हता. तो अडसर मीच काढून दिला होता.

"होता तो बरा होता, भाऊ," मावशी म्हणाली. "गाड्या तरी नव्हत्या."

दाराशी ताडपत्रीची गुंडाळी होती. ती काखेत मारून, टोपली उचलून मावशी तरातरा तुकड्यावर गेली. चेअरमनसाहेब एव्हाना वर पोचले होते. त्यांच्या गॅलरीतून हाक आली, "अहो, तुम्ही खालीच आहात ना? त्यांना जरा समजावा. आपल्या सोसायटीतर्फे."

मी समजवायला गेलो. मावशीने ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा."

वरून आवाज आला, "काय म्हणतात त्या?"

"बोलणी चालू आहेत," मी म्हणालो आणि टोक ताणून धरलं. आम्ही टायरांपर्यंत ताडपत्री अंथरली. टोपलीतला जवळा तरी उरलाच. मावशीने बॉनेटला हात लावून पाहिला.

"तापलेला हाय," ती म्हणाली. "लवकर सुकंल."

मी वर न बघता मूठ भरून घेतली.