धरणापासून स्टेशनापर्यंत

बारक्याला बारक्या म्हणतात म्हणून तुम्ही काही कल्पना करून घेऊ नका. माणूस दारात उभा राहिला की आधी दार भरतं आणि मग घर. पण एके काळी तो खरंच काडी होता. लिफ्टच्या तळाशी जो खड्डा असतो ना, जिथे धड उभंही राहता येत नाही, तिथे तोच उतरायचा. आमचे हे वर मशीनच्या खोलीत आणि बारक्या खाली, अशी दोघांनी लिफ्टदुरुस्तीची अख्खी नोकरी काढली. शहरातली निम्मी माणसं ह्या दोघांच्या जिवावर वर-खाली झाली. हे दोघं स्वतः कुठे गेले म्हणाल तर कुठेच नाही. जेवायला बसलं की फोन, अमक्या इमारतीत माणसं अडकलीत. ताट टाकून हे निघायचे, मी त्यावर झाकण ठेवायचे. बारक्याच्या घरी त्याची बायको, होती तोवर, तेच करायची.

म्हणून निवृत्तीनंतर ह्या दोघांनी चालायचं काढलं तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. जन्मभर वर-खाली केलं, आता जरा सरळ जाऊ म्हणाले. डोंगराडोंगरांतून जाणारी ती लांब वाट आहे ना, दगडांवर पिवळे पट्टे मारलेली, तीच. ती सगळी एका दमात चालणारे वेडे वेगळे. आपल्यासारखे लोक तिचे टप्पे पाडतात आणि दर वसंतात एक टप्पा चालतात, थंडी सरल्यावर आणि ऊन तापायच्या आत. ह्यांचे पहिल्या तीन वर्षांत तीन टप्पे झाले. घरी यायचे ते काळे ठिक्कर पडून, पायांना फोड, अंगाला सात जन्मांचा वास, आणि चेहरा असा खुललेला की लग्नातसुद्धा मी तसा पाहिला नव्हता. मी तसं बोलूनही दाखवलं. म्हणाले, "लग्नात बूट चावत होते."

चौथा टप्पा धरणाच्या भिंतीपासून सुरू होतो, मोठा डोंगर ओलांडतो आणि एका जुन्या रेल्वे स्टेशनात संपतो. पाच दिवसांची वाट. तिथे घोडं अडलं ते अडलंच. एका वर्षी बारक्याला खोकला झाला. पुढच्या वर्षी म्हणे डोंगरावर हवा बरी नाही. हवा बरी नाही हे इथे चौथ्या मजल्यावर बसून ह्यांना कसं कळलं, देव जाणे. आणि ह्या वर्षी डॉक्टरांनी ह्यांच्या उजव्या खुब्याचा फोटो काढला. सांधा पार झिजलाय, उन्हाळ्यात ऑपरेशन करून टाकू म्हणाले. ह्यांनी विचारलं, नंतर डोंगर? डॉक्टर हसले. बाजारात जा, बागेत जा, डोंगराचं नाव काढू नका.

परत येताना बसमध्ये हे म्हणाले, "हा एक टप्पा होऊ दे. मग काय कापायचं ते कापा म्हणावं." माझ्या नवऱ्यानं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही, साधी भाजीसुद्धा नाही. त्यामुळे ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. ह्या वसंतात गेले तर गेले, नाहीतर कायमचं राहिलं.

झालं, पुन्हा तयारी सुरू. रोज संध्याकाळी बारक्या यायचा. आमच्याकडे लिफ्ट आहे, ह्या दोघांच्याच हातची, तरी लिफ्टच्या दारापासून आमच्या खुर्चीपर्यंत येताना त्याला भिंतीला हात लावून थांबावं लागायचं. आत आला की दम लागलाय हे दिसू नये म्हणून आधी माझ्या शिलाई मशीनजवळ उभा राहून विचारायचा, "काय वहिनी, आज कुणाचे कपडे?" आणि मी काय सांगतेय ते न ऐकता श्वास घ्यायचा. मग टेबलावर नकाशा पसरायचा, त्याच्या कोपऱ्यांवर माझे डबे ठेवायचे, आणि दोघांचं उंटावरून शेळ्या हाकणं चालू व्हायचं. चहा करून करून माझे हात दुखायला आले.

एके संध्याकाळी बारक्या म्हणाला, "पहिल्याच दिवशी खिंडीपर्यंत जरा जास्त होतंय का रे?"

"होतंय," हे म्हणाले. "अलीकडच्या निवाऱ्यात थांबू."

दुसऱ्या संध्याकाळी म्हणाला, पवनचक्क्यांचा चढ एका दिवसात कशाला? हे म्हणाले, खरंय, दोन दिवस करू. मग ओढ्याकाठी एक दिवस आराम. मग आरामानंतर पाय आखडतात म्हणून दुसऱ्या दिवशी कमी. असं करत करत पाच दिवसांचे आठ झाले, आठांचे अकरा. ह्या चालीनं पोचेपर्यंत ती रेल्वे बंद झालेली असेल, मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

बरं, दिवस वाढले की शिधा वाढतो. बारक्याच्या बॅगेतून आधी चूल ह्यांच्या बॅगेत आली, मग तंबू, मग त्याची पांघरुणंसुद्धा. एकेक वस्तू गुपचूप, त्या दोघांनाही जणू दिसतच नव्हती. ह्यांच्या बॅगेला मी दोनदा वाढीव कप्पे शिवून दिले, पट्ट्यांत जाड अस्तर घातलं. शेवटी ती बॅग उचलून बघितली तर मलाच कमरेत कळ आली. नाकापेक्षा मोती जड! त्यात ह्यांचा तो खुबा. रोज रात्री तेल चोळताना हे दात आवळून धरत.

एकदा तेल चोळताना मी विषय काढलाच. "अहो, बारक्याला झेपणार नाही. दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय."

"मग सांगा की त्याला."

"मी कसं सांगू? त्यानं सांगायचं असतं."

मला आधी कळेचना. मग त्यांनी लिफ्टचं सांगितलं. खाली खड्ड्यात माणूस असला की वरचा स्वतःच्या अकलेनं बटणाला हात लावत नाही. कितीही उशीर होवो, साहेब ओरडो, लोक शिव्या देवोत. खालून आवाज आला की मगच लिफ्ट हलवायची. एकदा दुसऱ्या जोडीतल्या वरच्या माणसानं अंदाजानं हलवली होती. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "खालच्यानं बोलायचं, वरच्यानं थांबायचं," ते म्हणाले. "आम्ही कधी मोडलं नाही."

"अहो, पण हे जेवणाचं टेबल आहे. खड्डा नाही!"

ते भिंतीकडे तोंड करून झोपले. ह्या माणसाशी वाद घालण्यात मी आयुष्य घालवलंय, भिंतीशी घातला असता तर तिनं तरी एखादा पोपडा टाकला असता.

मग रविवारी सकाळी तालीम ठरली. पाठीवर बॅगा घेऊन आमच्या इमारतीचा जिना तळापासून गच्चीपर्यंत चढायचा. मी पाण्याची बाटली घेऊन मागून. हे लंगडत, कठडा धरत, पण पुढे गेले. बारक्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मटकन बसला. त्याच्या बॅगेत होतं काय, तर एक टॉवेल आणि चपला. चेहरा राखेसारखा झालेला. मी घाबरले, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

वरून ह्यांचा आवाज आला, "बारक्या?"

बारक्यानं उत्तर दिलं नाही. मला हळूच म्हणाला, "वहिनी, हा चिडत का नाही हो?"

"चिडेल कशाला?"

"मी एवढं चिडवतोय. अकरा दिवस केले मी, अकरा! पाच दिवसांचं माकड करून टाकलं. मला वाटलं, आज तरी म्हणेल, बस झालं, तू राहा घरी. चूल दिली, तंबू दिला. गाढव सगळं उचलतोय."

मी बघतच राहिले. "म्हणजे हे तुम्ही मुद्दाम करत होता?"

"मग काय करू? मी सांगितलं की येत नाही, तर हा जाणारच नाही. ओळखतो मी त्याला. आमच्यात एक जण आला नाही की दुसरा लिफ्टजवळ फिरकायचा नाही, कुलूप लावून घरी. त्यानंच मला हाकललं तर मात्र तो जाईल. म्हणून वाट बघत होतो." त्यानं नाक पुसलं. "दोन वर्षं वाट बघतोय वहिनी. आता त्याचा पायच जायची वेळ आली."

वर एक थांबलेला, खाली एक थांबलेला, आणि मधल्या पायरीवर बाटली घेऊन मी. हसावं की रडावं कळेना. खरं सांगते, मला तेव्हा दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली.

हे पायऱ्या उतरून खाली आले. बारक्या त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "मी येत नाही रे. मला होत नाही. तू जा."

हे त्याच्या शेजारी बसले. म्हणाले, "बरं. मग राहू दे यंदा."

बारक्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

त्या संध्याकाळी बारक्या आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नकाशा घडी होऊन कपाटात गेला, माझे डबे आपापल्या जागी गेले, आणि मला इतकी वर्षं जी शांतता हवी होती ती मिळाली. नको झाली मला ती. हे खिडकीत बसून समोरच्या इमारतीकडे बघायचे. मी काही विचारलं की "हं" म्हणायचे.

आठवड्यानं मला बारक्या भाजीबाजारात दिसला. मी हाक मारली. त्यानं ऐकली, मला दिसलं त्यानं ऐकली ते, आणि तरी तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला. एवढा मोठा माणूस चोरासारखा गाड्यांच्या मागून निघून गेला.

मी घरी आले ती पिशवी आपटतच. "उद्या तिकीट काढा. पाच दिवसांचा टप्पा, पाच दिवसांत करून या."

"मला आता जावंसंच वाटत नाही गं," ते म्हणाले. इतक्या थकलेल्या आवाजात म्हणाले की माझा राग निम्मा उतरला. "खोटं नाही सांगत. एकटा काय करू तिथे? दगड बघू?"

"कळतंय मला. तरी जा."

"कशासाठी?"

"तो आज मला बघून रस्ता ओलांडून गेला, अहो. तुम्ही गेला नाहीत तर तो मरेपर्यंत म्हणेल, माझ्यापायी ह्याचं राहिलं. ऑपरेशननंतर काठी टेकत फिराल, तेव्हा ती काठी त्याला दिसेल. तो पुन्हा ह्या घरात पाय ठेवणार नाही. तुम्हाला डोंगर नको, ठीक आहे. बारक्या नको का?"

मी भाजी निवडायला घेतली. अर्धी निवडून होईपर्यंत ते खिडकीतच होते. मग उठले, लंगडत माळ्याखाली गेले, बॅग ओढून काढली आणि मशीनपाशी ठेवली. "ते वाढीव कप्पे काढून टाक," म्हणाले. "एकट्याला एवढे नको."

मी उसवत बसले. शिवायला लागला होता त्याहून जास्त वेळ गेला त्याला.

निघायच्या आदल्या दिवशी मी बारक्याच्या सुनेजवळ निरोप ठेवला, गाडी पहाटेची आहे, एवढाच. येईल असं वाटलं नव्हतं. आम्ही स्टँडवर पोचलो तर हा आमच्या आधी हजर, गुळगुळीत दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि बसमध्ये खिडकीशी रुमाल टाकून जागा धरलेली. दम लागलेला होता, पण चेहरा उजळलेला. "अरे गाढवा, बॅग एवढी हलकी? उपाशी मरशील," म्हणाला.

"तुझं सामान नाही ना त्यात," हे म्हणाले, आणि मोठ्यानं हसले. मग कितीतरी बोलले. ओढ्याला पाणी असेल का, पवनचक्क्यांचा चढ सकाळीच उरकतो की नाही बघ, स्टेशनात पोचलो की तुलाच आधी फोन करतो, हिला नंतर. ह्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. पायरी चढताना खुबा दुखला असणार, पण तोंडावर एक रेघ हलू दिली नाही. बस सुटली तेव्हा खिडकीतून अर्धे बाहेर येऊन हात हलवत होते, तोंडभर हसत, पार वळणापर्यंत. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना असं हसताना बघितलं नाही. तसं हसणारा माणूसच नाही तो.

बारक्यानं रुमालानं डोळे पुसले. "केवढा खुशीत गेला बघा, वहिनी!"

"हो ना," मी म्हटलं. "कधीचं जायचं होतं त्यांना."