बैल नसलेली मोट

तळखेडच्या कुठल्याही घराचं दार उघडा, कडी जैनुद्दीन शिकलगाराचीच निघणार. शाळेचं फाटक त्याचं, दर्ग्याची जाळी त्याची, मारुतीच्या देवळाचा कठडा त्याचा. नागापूरच्या एमआयडीसीत तीस वर्षं वेल्डिंग केलं, मग गावी येऊन बाजारतळाला टपरी टाकली. पण त्याच्या मनात एक खुटखुट होती. फाटकाकडं कुणी बघत नाही. माणूस कडी काढतो, आत जातो, विसरतो. आपल्या हातचं एक तरी काम असं व्हावं की माणसानं चालता चालता थांबून मान वर करावी, एवढीच त्याची इच्छा. ती त्यानं बायकोलासुद्धा कधी सांगितली नव्हती.

तेवढ्यात कर्जतच्या तालुका कचेरीतून बाजारतळाच्या सुशोभीकरणाचा निधी आला. फरशी, दिवे, बाकडी आणि वर एक अट. निधीतला काही भाग कलाकृतीवर खर्च करायचा, ती ग्रामसभेनं निवडायची, आणि सगळं मार्चअखेर. नाहीतर तेवढे पैसे माघारी.

मेंबर सुनील दुसऱ्याच दिवशी पुण्याचा कॅटलॉग घेऊन आला. फायबरचं हरीण, फायबरचं कमळ, फायबरचे दोन डॉल्फिन.

"डॉल्फिन घेऊ," तो म्हणाला. "लई भारी दिसतेत. वर रंगीत लाईट."

सरपंच पंकजाताईनं कपाळाला हात लावला. "सुनीलभाऊ, आपल्याला टँकर चौथ्या दिवशी येतो. हे पवनार कुठं?" मग ती जमलेल्या लोकांकडं वळली. "गावातल्या कुना कारागिराला करायचं असंल तर त्यानंबी नमुना आनावा. ग्रामसभा ठरवंल."

जैनुद्दीनची छाती भात्यासारखी फुलली.

त्याचा बाप जुन्या काळी लोखंडी मोटा सांधायचा. बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची ती पोटाळी बादली. पंप आले आणि मोटा गेल्या. जैनुद्दीननं मोटच करायची ठरवली. नांगराच्या फाळांचे बैल, सायकलच्या चेनच्या शेपट्या, आणि मोटेतून सांडणारं पाणी सायकलच्या तारांचं. ऊन पडलं की खरंच ओलं वाटायचं.

"अजी, माझा जुना तवा कुठाय?" बायको मुबारकबीनं आतून विचारलं.

"मोटंचं चाक झालंय त्याचं."

"आन भाकरी मोटंवर भाजू का?"

ग्रामसभेच्या दिवशी गोणपाटाखाली झाकलेला नमुना हातगाड्यावरून आला. गोणपाट काढल्यावर टाळ्या पडल्या. सुनीलनं डॉल्फिनच्या कागदाची घडी घातली. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं छबूबाई उठली. पंच्याहत्तरीची, बाजारात शेपू-मेथी विकणारी. भाऊ नव्हता, म्हणून पोरवयात बापाची मोट तिनंच हाकलेली. तिनं नमुन्याभोवती एक फेरी मारली आणि कमरेवर हात ठेवला.

"जैनू, मोट वर आलीया, पानी सांडतंया. मग बैल हिरीपाशीच कसं रं? वढायचा एवढा लांब नाडा गेला कुठं? बैलांनी खाल्ला व्हय?"

सभा खदखदून हसली. छबूबाई हसत नव्हती. तिनं पदर खोचला, दोर धरल्यासारखं केलं आणि सगळ्यांपुढं चालून दाखवलं. "मोट खाली सोडताना बैल मागं सरत हिरीपाशी येत्यात. भरली की धावंच्या उतारावरनं पार टोकाला जात्यात, तवा कुठं मोट वर येती. मोट वर म्हंजी बैल लांब. हे शेंबडं पोरगंबी सांगंल."

पोरगं नसतं सांगू शकलं, पण म्हातारी मंडळी माना डोलवू लागली. जैनुद्दीन नमुन्याजवळ वाकला. चूक त्याला कळली. त्यानं मोट बापाच्या भात्यापाशी पाहिली होती, विहिरीवर कधीच नाही. आणि बाजारतळाचा कट्टा बारा फूट, म्हणून त्यानं बैल जवळ ओढले होते.

"मग डॉल्फिन मंजूर समजायचं ना?" सुनील म्हणाला.

"आठ दिवस थांबू," पंकजाताई म्हणाली. "चाचा, जमंल?"

जैनुद्दीननं मान हलवली. ती व्हय होती की न्हाई, त्याचं त्यालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो छबूबाईच्या दारात उभा राहिला. "आक्का, गावासमोर अब्रू काढली माजी."

"मग काय घरात बोलावून काढायची हुती? चल."

तिनं त्याला मळ्यातल्या जुन्या विहिरीवर नेलं. बैलांच्या येण्याजाण्याची धाव बुजून तिच्यावर गवत वाढलेलं, पण उतार अजून दिसत होता. छबूबाईनं पावलं मोजली. अठ्ठावीस.

"आता तू बैल हो."

"आक्का, अठ्ठावन वरसांचा हाय मी."

"म्हातारा बैल हो. कोन बघतंय?" तिनं दोराचं एक टोक दगड भरलेल्या घमेल्याला बांधून ते विहिरीत सोडलं, दुसरं त्याच्या खांद्यावर टाकलं. "हाऽऽ चल माझ्या राजा!"

तो उतरणीला लागला. एकेका पावलाला दोर खांद्यात रुतत गेला, मागं घमेलं चढत आलं. टोकाला पोचल्यावर तो थांबला, खांद्यावरचा ताण तसाच. मोट बघायची नसते, ती खांद्याला कळते, हे त्याला तिथं उमगलं.

"आक्का!" तो ओरडला. "बैल करायचेच न्हाईत!"

"मग वढनार कोन, मेल्या?"

पुढच्या ग्रामसभेत त्यानं नवा नमुना मांडला. कट्ट्यावर मोट, वर चाक, तारांचं पाणी. चाकावरून निघालेला लोखंडी नाडा माणसांच्या डोक्यावरून तिरपा उतरत थेट समोरच्या लिंबाच्या पारापर्यंत. कट्टा ते पार त्यानं मोजून घेतलं होतं, अठ्ठावीस पावलं. पाराशी नुसतं जू. खाली रिकामं.

"आन बैल?" सुनीलनं विचारलं.

छबूबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "बैल व्हायला तुज्यासारखं लई हायेत गावात."

पंकजाताईला हसू आवरेना. तिनं कसंबसं हात वर करायला सांगितलं. हात मोजायची गरजच पडली नाही. सुनीलचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, पण गेला.

मार्चच्या आत मोट उभी राहिली. पहिल्याच आठवडे बाजारी जुवाखाली खांदे द्यायला रांग लागली. नवी जोडपी, मास्तर, सासू-सुना, सगळे ओढल्यासारखं करून फोटो काढत होते. सुनील तर फेटा बांधून आला होता. जैनुद्दीननं मुबारकबीला चल म्हटलं, तर ती म्हणाली, "तीस वरसं जुंपलेली हाय, आता फोटोला कशाला?" आणि फोटोत बरोबर मधोमध उभी राहिली.

छबूबाई आता नाड्याखालीच भाजी मांडते. कर्जतचा एक पाहुणा मेथीची जुडी हातात घेऊन थांबला, मान वर करून तारांच्या पाण्याकडं बघत राहिला.

"मावशी, कुनी केलं हे?"

पलीकडं टपरीत जैनुद्दीननं ग्राइंडर बंद केला.

"आमच्या जैनूनं," छबूबाई म्हणाली. "पहिल्यांदा चुकीचं केल्तं. मी बैल केला त्याला, मग जमलं. मेथीचे वीस द्या."