चांदीचं नाव

भूत, भानामती, करणी... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी इस्लामपूरचा, नोकरी कराडला, हायवेलगतच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत. यंत्र सांगितलं तेवढंच करतं, हे माझं ठाम मत!

आमचं काम कर्नलचं — म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. डिस्कवर जाणारा डेटा तो कुलूपबंद करतो, पण त्यात कॉम्प्युटर रखडायचा. आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातला माझा मित्र बिरा त्या कोडच्या मागेच लागला होता. डेटाची उगाच होणारी एक कॉपी त्यानं काढून टाकली आणि वेग चक्क दुप्पट झाला. आमच्या सरांनी तो कोड स्वतःच्या नावावर खपवला. बिरानं जाब विचारला, तर त्यालाच घरी बसवलं.

कराड स्टँडवर एसटीत चढताना बिरा म्हणाला, "माझं नाव नगं, तर माझं काम बी पचायचं न्हाई त्यास्नी. बघ तू, गड्या."

या माणसाचं वाटोळं होऊ दे, असं मीही अगदी मनापासून म्हटलं.

पुढच्याच सोमवारी, बिराचाच कोड टाकलेला सरांचा लॅपटॉप पासवर्ड घेईना. डेमोची सगळी तयारी त्यातच, तिची दुसरीकडे कॉपी नाही, आणि दुपारी ती परदेशी क्लायंटला दाखवायची होती! सर एसीत बसून घामाघूम झाले होते. मला लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? "काहीतरी कर रे," म्हणून ते फोन घ्यायला बाहेर गेले.

मी गंमत म्हणून बिराच्या टेस्ट मशीनचा पासवर्ड टाकला — त्याच्या लाडक्या मेंढीचं नाव, चांदी, दोनदा.

उघडला...

बिराला फोन लावला. "काय केलंस रं तू?"

"म्या? मी रानात हाय. चांदी म्होरं चरतीया. का रं?"

बाहेर सरांची चाहूल लागली. मी लॅपटॉप बंद केला. "नाही उघडत, सर."

क्लायंट गेला तो गेलाच. नंतर मी कोडची ओळ न् ओळ तपासली. चोरवाट नाही. बिरानं त्या लॅपटॉपला कधी हात लावला नव्हता. तोच कोड असलेल्या इतर मशीनवर हा पासवर्ड चालत नाही. कसं झालं, मला आजही सांगता येत नाही.

लॅपटॉप सरांच्या कपाटात आहे. अधूनमधून विचारतात, "काही सुचतंय का?"

"बिराला विचारू या का, सर?" मी म्हणतो. "काम त्याचंच ना ते?"

सर कपाटाला कुलूप लावतात. मग मीही पासवर्ड माझ्यापाशीच ठेवतो.