सुकट निवडताना सांगितलेल्या गोष्टी

"त्या पुस्तकांनीच हिचं डोकं फिरवलंय," बाहेरच्या खोलीत पप्पा आईला म्हणाले.

स्वयंपाकघरात आत्या सुकट निवडत होती. तिने मान वर केली नाही. मी तिच्या शेजारीच बसले होते. तिला बघायला घाटकोपरहून आलेला बिजवर आणि त्याची बहीण नुकतेच उठून गेले होते. कपबश्या अजून विसळायच्या होत्या.

ती पुस्तकं मी आणायचे, मुलुंड स्टेशनजवळच्या लायब्ररीतून. इंग्रजी प्रेमकथा, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेल्या. आत्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून दुपारी ती निवडायला बसली की मी मराठीत सांगायचे. चारचौघांत माझं तोंड उघडत नसे. तिच्यापुढे मात्र मी तासभर बोलायचे.

"लॉर्ड म्हणजे काय गं?"

"मोठा जमीनदार."

"मग खोत म्हण की सरळ."

मिठीबिठीची पानं मी गाळायचे. तिला कळायचंच. "दोन पानं एकदम उलटलीस. आंधळी नाय मी."

पण पुन्हा पुन्हा सांगायला लावायची ती जागा वेगळीच होती. खोत शेवटी त्या मुलीसमोर उभा राहायचा आणि विचारायचा, तुला काय हवंय? आत्याचे हात सुकटीतच थांबायचे. "परत सांग. काय विचारलं त्याने?" लोक म्हणत, असल्या पुस्तकांत नुसती चुंबनं असतात. आम्ही दोघी त्या एका प्रश्नासाठी पुस्तकामागून पुस्तक संपवत होतो. आत्याची पस्तिशी उलटली, तरी तो तिला कुणी विचारला नव्हता.

पाहुण्यांनीही नाही. स्वयंपाक येतो का, मुलांना सांभाळशील ना, एवढं विचारून झालं. सगळ्याला हो म्हणून आत्या हळूच म्हणाली, "मला पसंत आहे का, ते नाही विचारलंत." बहीण हसली. तो घड्याळ बघू लागला. जाताना जिन्यात पप्पांना सांगून गेले, जरा फटकळ आहे, पण चालेल आम्हाला. उद्यापर्यंत कळवा.

"दादाला सांग," आत्या आता मला म्हणाली, "मला चालेल."

"आत्या, पण…"

"सांग गं जाऊन. किती वर्षं बसू त्याच्या घरात?"

"आपली गोष्ट राहिलीय. शेवट व्हायचाय."

"नको आता." तिने सुकटीचा डबा बंद केला. झाकण बसलं होतं, तरी पुन्हा दाबलं.

मी बाहेर गेले. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "काय?"

"आत्या हो म्हणतेय."

एरवी एवढंच बोलून मी आत वळले असते. पण आज तिथेच उभी राहिले.

"पण तिला काय हवंय, ते कुणीच विचारलं नाही, पप्पा. तुम्हीसुद्धा नाही."