तुमी जरा बाहेर थांबा

पुसदला आमच्या गल्लीत राहणाऱ्या या बाई सरकारी नोकर नाहीत, पण जेलवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळावर आहेत. कोणाला न कळवता बस धरतात आणि थेट बराकीत जाऊन जमिनीवर बसतात. कैद्याला काही विचारलं की उत्तर जेलरच देतो. मग त्या झोपेत बोलल्यासारख्या म्हणतात, "भाऊ, तुमी जरा बाहेर थांबा नं."

"मंग काय विचारता?" मी एकदा म्हटलं.

"कायले विचाराचं? झरोक्यातलं ऊन पाहत बसते. थोड्या वेळानं कोणीतरी बोलतेच."

काल दुपारी त्या आमच्याकडे आल्या. सावरीचा कापूस अंगणात तरंगत होता. सासूबाई खाटेवर पडून होत्या.

"जेवल्या का, आजी?"

"हो, आत्ताच जेवल्या," मी म्हटलं.

बाई माझ्याकडे पाहून मंद हसल्या. "चहा मांड नं, बाई."

चहाला उकळी येत होती, तेव्हा बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. कित्येक महिन्यांत माझ्याशी त्या एवढं बोलल्या नव्हत्या. शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबत नव्हता.

मी कप घेऊन दारात आले. दोघी गप्प झाल्या आणि उडणारा कापूस पाहू लागल्या.