तात्या, ताई आणि पातेल्यातला बाळकृष्ण

हे लिहिण्याचं कारण सरळ सांगते. माझ्या भावाच्या सासूबाईंनी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं आहे, की मी दुबईला पाहुणी म्हणून गेले आणि येताना त्यांच्या लेकीचा देव उचलून आणला. ग्रुपवर साताऱ्यापासून सिडनीपर्यंतचे नातेवाईक आहेत. कुणी हात जोडलेले पाठवले, कुणी डोळे विस्फारलेले. मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. हरवलेल्या वस्तूंचा तपास नोकरीभर केला, आरोपी मात्र पहिल्यांदाच झाले. म्हणून माझं म्हणणं माझ्या या प्रवासाच्या ब्लॉगवर मांडते. ज्यांना फक्त दुबईची माहिती हवी आहे त्यांना तीही मिळेल. मधले देवाचे भाग त्यांनी गाळावेत.

गेल्या नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीच्या आठवड्यात मी गेले. मुहूर्त माझा नव्हता. धाकटा भाऊ शेखर याचा फोन आला, "अक्का, तू ये. सानिकाचं ठरवायचं आहे." सानिका त्याची एकुलती एक मुलगी, बारावीत. तिला शिकायला अमेरिकेत जायचं होतं. शेखरनं आणि त्याच्या बायकोनं, मंजिरीनं, तिला सांगितलं होतं, "निकाल लागू दे, मग बघू." आमच्या घरात दोन्ही उमेदवारांना तात्या आणि ताई म्हणतात. खरी नावं घ्यायची गरज नाही, सगळ्या जगाला पाठ आहेत. ठरलं असं, की ताई आल्या तर सानिकानं जावं. तात्या आले तर व्हिसाचं काही खरं नाही, मग पुण्याचं कॉलेज. थोडक्यात, मुलीचं भविष्य कुठल्या तरी परक्या राज्यातल्या अनोळखी मतदारांवर सोपवून आईबाप हातावर हात ठेवून बसले होते.

मिरजेतही वेगळं नव्हतं. माझ्या शेजारचे हळदीचे व्यापारी निघताना म्हणाले, "बाई, तिकडे कळलं कोण येतंय तर फोन करा. डॉलर हलला की हळद हलते." मी म्हटलं, "मी दुबईला चाललेय, अमेरिकेला नाही." ते म्हणाले, "तेवढंच जवळ."

मिरज ते पुणे रेल्वे, पुण्याहून थेट विमान. व्हिसा भावानं ऑनलाइन काढला, मला फक्त फोटो काढताना न हसणं एवढंच करायचं होतं आणि ते मला जमतं. विमानतळावरून दुबई सिलिकॉन ओएसिस या भावाच्या वस्तीपर्यंत टॅक्सी केली. पंचावन्न दिरहॅम, म्हणजे साडेबाराशे रुपयांच्या वर. इथे येणाऱ्यांना पहिली सूचना: प्रत्येक गोष्टीला तेवीसनं गुणू नका, जेवण जाणार नाही. मी पूर्ण मुक्काम गुणत होते आणि दोन किलोनं कमी होऊन आले.

टॅक्सीवाला पेशावरचा. "बाजी, आप का क्या ख़याल है, कौन आएगा?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, मला मत नाही. तो म्हणाला, "वोट तो हमारा भी नहीं है. वोट वो देते हैं, नींद हमारी ख़राब होती है." आणि त्यानं रेडिओ मोठा केला.

शेखरचं घर तेराव्या मजल्यावर. मंजिरी दारातच म्हणाली, "वन्सं, आता तुम्हीच हिला समजवा. ताई आल्या तर किती छान होईल ना? आम्हाला तर तिनं जावं असंच वाटतं!" शेखर म्हणाला, "ऑब्व्हियसली! पण तात्यांचं सांगता येत नाही." दोघंही इतक्या जोरात 'जावं' म्हणत होती की मला वसतिगृहातल्या त्या मुली आठवल्या, ज्या 'मॅडम, आम्ही झोपलो होतो' हे फार खणखणीत आवाजात सांगायच्या. सानिका खोलीतून बाहेर आली, मला मिठी मारली आणि म्हणाली, "आत्या, प्लीज, नॉट द इलेक्शन अगेन." ही मुलगी मराठी सगळं समजते, उत्तर इंग्रजीत देते.

शनिवारी आम्ही उम्म अल कुवैनला गेलो. सिलिकॉन ओएसिसहून गाडीनं तासाभराचा रस्ता. दुबईच्या काचा संपल्या की खरं आकाश दिसतं. शांत खाडी, खारफुटी, पाण्यात उभे फ्लेमिंगो. छोटी नाव वल्हवायला मिळते. मी वल्हवली, शेखर नुसता बसला. वाटेत करक चहा घ्या, दोन दिरहॅम, सेहेचाळीस रुपये, आणि तो वसूल होतो. सकाळी लवकर जा, दुपारी वाळू चपला ओळखत नाही.

गाडीत एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. शेखरच्या डॅशबोर्डवर वर्षानुवर्षं एक पितळी गणपती चिकटवलेला असतो. या वेळी तिथे नुसता चिकटपट्टीचा चौकोन होता.

"गणपती कुठे गेला?"

"सर्व्हिसिंगला," शेखर म्हणाला.

"गाडी की गणपती?"

"अक्का, समोर बघ, फ्लेमिंगो!"

फ्लेमिंगो अजून दहा किलोमीटर लांब होते. मी नोंद घेतली.

आमच्याबरोबर शेजारची फिलोमिना होती. मूळची वसईची, हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, बोलायला अघळपघळ. तिनं घरचं चिंचोणी, म्हणजे माशाचं चिंचेतलं कालवण, आणलं होतं, मसाला इतका चोख की मी शेखरचा वाटाही खाल्ला. जेवल्यावर शेखरनं ओल्या वाळूत काठीनं अमेरिकेचा नकाशा काढला आणि आम्हाला तिथली पद्धत समजावू लागला. लोक थेट अध्यक्ष निवडत नाहीत, आधी राज्याराज्यातून प्रतिनिधी ठरतात, मग ते मत देतात.

फिलोमिनानं विचारलं, "मग मधल्या दिवसांत ते लोक फुटत नाहीत?"

"सहसा नाही."

मी विचारलं, "हॉटेलात ठेवतात का त्यांना?"

"नाही गं अक्का! ते आपापल्या घरी असतात."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. महाराष्ट्रातल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. शेवटी फिलोमिना म्हणाली, "शेखरभाऊ, कधी ठेवायची पाळी आलीच तर आमचं हॉटेल सांगा. ग्रुप रेट देईन, ब्रेकफास्ट फ्री."

मग तिनं सांगितलं की तिनं चर्चमध्ये मेणबत्ती लावली आहे. कुणासाठी, असं मंजिरीनं जरा घाईनं विचारलं. "दोघांसाठी एकेक. देवाला म्हटलं, तूच बघ बाबा, मला सकाळची शिफ्ट आहे." मंजिरी हसली, पण उशिरा.

सोमवारी सकाळी मी लवकर उठले. मटकी भिजत घालायला मोठं भांडं हवं होतं. सिंकखालचं कपाट उघडलं. पिठाच्या डब्यामागे झाकण ठेवलेलं एक पातेलं. झाकण काढलं तर आत काठोकाठ पाणी आणि तळाशी चांदीचा रांगता बाळकृष्ण. मंजिरीला लग्नात माहेरून मिळालेला. देव पाण्यात ठेवलेला! मनातलं होईपर्यंत बाहेर काढायचा नाही, ही आपली जुनी रीत. लेकीला जायला मिळावं म्हणून ताईंसाठी ठेवला असेल, असं मी समजले आणि झाकण लावलं. आईचं मन, म्हटलं.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी आणि सानिका अल क्वोजला गेलो. एकीकडे गॅरेज, गोदामं, कामगारांच्या निळ्या बसगाड्या, आणि त्याच ओळीत दुसऱ्या गोदामांत चित्रांची दालनं. प्रवेश फुकट, कॉफी पंचवीस दिरहॅम. पावणेसहाशे रुपये! मी पाणी प्यायले. सानिकानं कॉफी घेतली आणि मी तिला जे अजून कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"तुला काय हवंय?"

तिनं कप खाली ठेवला. "आय वॉन्ट टु गो, आत्या. हूएव्हर विन्स." मग एकदम मराठीत म्हणाली, "पण ते दोघं नाही म्हणाले असते ना, तर मी भांडले असते. ते नाही म्हणतच नाहीत."

मंगळवारी परतीचं तिकीट छापायला शेखरच्या खोलीत गेले. प्रिंटरचा कागद अडकला म्हणून तो पुढे ओढला. मागे आइस्क्रीमचा रिकामा डबा होता. रिकामा कसला, पाण्यानं भरलेला. आत सर्व्हिसिंगला गेलेले गणपती. त्यांच्या पाठीला चिकटपट्टी तशीच. एका घरात दोन देव पाण्यात, आणि नवराबायकोला एकमेकांचा पत्ता नाही. मी तिकीट घेऊन बाहेर आले आणि मटकीला मोड किती आलेत ते बघत बसले.

बुधवारी दुबईत सकाळ झाली तेव्हा तिकडे मोजणी चालू होती. शेखर घरून काम करत होता, म्हणजे टीव्हीसमोर बसला होता. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. तात्या आले.

शेखरनं टीव्ही बंद केला. "संपलं," तो अगदी खोल आवाजात म्हणाला. "खलास. मी जरा गाडीतून चार्जर घेऊन येतो." मंजिरीनं डोळ्यांना पदर लावावा तशी ओढणी लावली आणि आत गेली. सानिका शाळेतून आली, आमच्याकडे बघितलं, आणि तिला कळलं. दप्तर न काढताच ती खुर्चीत बसली.

आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून तुपात रवा भाजल्याचा वास आला.

मी उठून गेले. मंजिरी शिरा करत होती. केशर घातलेला, वर बेदाणे. ओट्यावर बाळकृष्ण कोरडे पुसून, गंध लावून बसलेले.

"शिरा कशाचा गं?"

"असंच, वन्सं. सानिकाला बरं वाटावं म्हणून."

"नवस फेडायचा शिरा असा नैवेद्याच्या वाटीत काढतात. बरं वाटायचा ताटलीत देतात."

मी शिऱ्याची वाटी आणि बाळकृष्ण उचलले आणि बाहेर जेवणाच्या टेबलावर ठेवले. तेवढ्यात शेखर वर आला. चार्जर नव्हता. शर्टाच्या खिशावर ओला डाग मोठा होत चालला होता.

"खिसा गळतोय तुझा," मी म्हटलं.

त्यानं खिशावर हात ठेवला. मंजिरीनं त्याचा खिसा बघितला, त्यानं टेबलावरचा बाळकृष्ण बघितला. मग त्यानं हळूच गणपती काढून बाळकृष्णाशेजारी ठेवला. खाली गाडीत नेऊन चिकटवायचा होता, पण ओल्या पट्टीला चिकटेना.

"तू पण?" मंजिरी म्हणाली.

"तू पण तात्यांसाठी?" शेखर म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आठवडाभर दोघं तात्यांच्या नावानं बोटं मोडत होती आणि दोघांनी देव तात्यांसाठीच पाण्यात ठेवले होते. मुलीला नाही म्हणण्याचा वाईटपणा आपल्याकडे नको, तो अमेरिकेनं घ्यावा.

सानिका दोन्ही देवांकडे बघत होती. "सो, यू आउटसोर्स्ड मी," ती म्हणाली. "टु पेनसिल्व्हेनिया."

कुणीच हसलं नाही. मग मंजिरीला रडू फुटलं, या वेळी ओढणी न लावता. "मला तू जायला नको आहेस गं. घर रिकामं होईल. पण असं म्हटलं तर तू आयुष्यभर म्हणशील, आईनं अडवलं."

शेखर म्हणाला, "मला आवडणार नाही तू गेलेली. पण तुला जायचं असेल तर मी नाही म्हणणार नाही. तात्या असोत नाहीतर कुणी."

सानिका म्हणाली, "हे तुम्ही ऑगस्टमध्ये सांगितलं असतं तर मी फॉर्म तरी शांतपणे भरले असते." मग वाटी पुढे ओढली आणि शिरा खायला लागली. तिनं अख्खी वाक्यं मराठीत बोललेली त्या घरात कुणाच्या लक्षात आली नाहीत. माझ्या आली.

निघायच्या सकाळी ती माझ्या खोलीत आली. मुठीत बाळकृष्ण. "आत्या, टेक हिम. नंतर व्हिसाचा इंटरव्ह्यू आहे. आई पुन्हा पाण्यात ठेवेल."

"आईला विचारलंस?"

"आईला विचारलं तर ती नाही म्हणणार नाही. आणि मग ठेवेल."

मी देव पिशवीत घातला. विमानतळावर यंत्रानं तो पकडला. अधिकाऱ्यानं हातात घेऊन विचारलं, "बेबी?" मी म्हटलं, "येस. क्रॉलिंग." तो हसला. "यल्ला, मामा." म्हणजे, चला, आई. घरी पोचल्यावर मंजिरीला मी स्वतः फोन करून सांगितलं, देव माझ्याकडे आहे, व्हिसा होईपर्यंत राहील. याला चोरी म्हणत असतील तर ती स्वतःहून कळवलेली आहे. मंजिरी काही दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या दिवसांत तिनं तिच्या आईला अर्धी गोष्ट सांगितली असावी, आणि त्या अर्ध्याचं ग्रुपवर काय झालं ते तुम्ही वाचलंच आहे.

मिरजेला हळदीचे व्यापारी विचारायला आले, "मग, तिकडे काय वातावरण?" मी म्हटलं, खाडी छान आहे. त्यांना वाटलं मी काहीतरी लपवते आहे. दुबईतलं काय राहिलं म्हणाल, तर उंच इमारती मला आता नीट आठवत नाहीत. ओला होत जाणारा एक खिसा आठवतो. माझ्या देवघरात पाहुणे बाळकृष्ण कोरडे, मजेत होते.

वसंतात सानिकाला प्रवेश मिळाला, पुढे व्हिसाही. देवाच्या मदतीशिवाय, हे मी मुद्दाम नोंदवते. उन्हाळ्यात तिघंही मिरजेला आली. मी बाळकृष्णाची डबी काढून मंजिरीपुढे ठेवली. तिनं ती उघडली, बाळकृष्णाच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि डबी माझ्याकडे परत सरकवली. "मला नका देऊ, वन्सं. माझ्या आईनं मला घरातून निघताना दिला होता. हिला पण आता निघायचं आहे. लग्नापर्यंत कशाला थांबायचं?" मग म्हणाली, "तुमच्या हातानं द्या. मी दिला तर सोडवणार नाही."

शेखरच्या सासूबाईंनी खालची नोंद वाचावी आणि ग्रुपवर तसं लिहावं.

सुपूर्द केलेली वस्तू: चांदीचा रांगता बाळकृष्ण, एक, डबीसह.
देणार: आत्या, मंजिरीच्या सांगण्यावरून.
घेणार: सानिका.
हजर: आईवडील, दोघंही. दोघांनीही या वेळी खरं तेच सांगितलं.
अट: तिकडच्या पुढच्या निवडणुकीत वापरू नये.
देतानाची स्थिती: कोरडा.